राकेश शर्मांनंतर ४१ वर्षं: मधल्या काळात आपण काय करत होतो?



आज एकच प्रश्न घेऊन बसलोय. शाळेत व्याख्यानाला गेलो की मुलं तो विचारतात, आणि संध्याकाळी बागेत बाकावर बसणारे माझ्या वयाचे निवृत्त लोकही विचारतात. राकेश शर्मा अंतराळात गेले एप्रिल १९८४ मध्ये. त्यांच्यानंतरचे भारतीय नागरिक शुभांशु शुक्ला गेले जून २०२५ मध्ये. मधे ४१ वर्षं गेली. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स यांचं नाव लगेच कुणीतरी घेतं, पण त्या दोघी अमेरिकेच्या नागरिक म्हणून आणि नासाच्या अंतराळवीर म्हणून गेल्या. त्यांचा अभिमान आहेच, पण तो हिशेब वेगळा. आपला हिशेब १९८४ आणि २०२५ असाच आहे. मुलं कुतूहलाने विचारतात, मोठ्यांच्या आवाजात मात्र एक तक्रार असते की आपण एवढी वर्षं झोपलो होतो का?

मी पायदळातला माणूस. शास्त्रज्ञ नाही, वैमानिकही नाही. पण निवृत्तीनंतर इंदिरानगरमध्ये राहायला आलो आणि या विषयाचा शेजारीच झालो. कसा ते सांगतो. शंभर फुटी रस्त्याने दक्षिणेला डोमलूरपर्यंत या आणि ओल्ड एअरपोर्ट रोडवर डावीकडे वळा. कोडीहळ्ळीला राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, म्हणजे एनएएल लागते. थोडं पुढे मुरुगेशपाळ्याला एका रस्त्याचं नावच विंड टनेल रोड आहे. मग हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ, वायुसेनेची विमानं तपासणारी संस्था, आणि विमानपुराला दोन फाटकं. एक उपग्रह बांधणाऱ्या केंद्राचं, ज्याला आता यू. आर. राव यांचं नाव आहे. दुसरं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनचं. रहदारी नसेल तर (नसेल तर म्हणालो!) हे सगळं पाऊण तासात बघून होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो संगणकवाल्यांना त्या दुसऱ्या फाटकाच्या आत काय चालतं याचा पत्ता नसतो. पण भारताकडून आजवर जो जो माणूस अंतराळासाठी निवडला गेला, तो वायुसेनेचा वैमानिक असेल तर त्याची हाडं, हृदय, कान आणि मन त्या फाटकाच्या आत तपासलं गेलेलं आहे. ही संस्था १९५७ ची. म्हणजे स्पुटनिक उडाला त्या वर्षाची.

आता १९८४ ची सफर नेमकी कोणत्या प्रकारची होती ते आधी बघू, कारण तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

सोव्हिएत संघाने सत्तरच्या दशकात इंटरकॉसमॉस नावाचा कार्यक्रम चालवला. सोयूझ यानातली एक खुर्ची मित्रदेशाच्या पाहुण्याला द्यायची. मार्च १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक गेले. ते सोव्हिएत किंवा अमेरिकन नसलेले जगातले पहिले अंतराळवीर. मग पोलंड, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, हंगेरी, व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया, रुमानिया. पुढे १९८२ मध्ये फ्रान्स आणि १९८४ मध्ये आपण. ही यादी मी मुद्दाम वाचून दाखवतो. मंगोलियाचा माणूस आपल्या आधी गेला होता, आणि मंगोलियाकडे रॉकेट नव्हतं. यात राकेश शर्मांचं कर्तृत्व कणभरही कमी होत नाही. पण देशाची क्षमता आणि माणसाची क्षमता या दोन गोष्टी आपण त्या वेळच्या आनंदात एक करून टाकल्या.

माणसाची क्षमता मात्र अस्सल होती. स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले. १९७१ च्या युद्धात त्यांनी मिग-२१ मधून २१ मोहिमा केल्या, तेव्हा वय २२-२३. पुढे चाचणी वैमानिक झाले. सप्टेंबर १९८२ मध्ये ते आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा या दोघांची निवड झाली. निवडीच्या काळात शर्मांना बंगळूरमध्ये एका खोलीत ७२ तास एकटं बंद करून ठेवलं होतं, बंद जागेची भीती मनात दडलेली असेल तर बाहेर यावी म्हणून.

मुलांचा एक ठरलेला प्रश्न इथेच घेतो. अंतराळवीर रॉकेटमध्ये पाठीवर झोपून का बसतात? लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाचं रक्त डोक्याकडून पायाकडे ओढलं जातं. मेंदूला रक्त कमी पडलं की आधी नजरेसमोर राखाडी, मग काळं, आणि मग शुद्ध जाते. रॉकेटमध्ये दाब बराच वेळ टिकतो. म्हणून माणसाला असं निजवतात की दाब छातीकडून पाठीकडे जावा, डोक्याकडून पायाकडे नाही. मग छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं, श्वास घेणं जड जातं, पण शुद्ध राहते. विमानपुराच्या संस्थेत एक लांब हात असलेलं चक्र आहे, सेंट्रिफ्यूज म्हणतात त्याला. त्याच्या टोकाच्या डब्यात माणसाला बसवून गरागरा फिरवतात आणि हे सगळं जमिनीवरच अनुभवायला लावतात. जत्रेतला पाळणा समजू नका!

तर शर्मा आणि मल्होत्रा मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत गेले, रशियन भाषा शिकले, जवळपास दीड वर्ष प्रशिक्षण घेतलं. आणि त्याच काळात बैकानूरच्या तळावर एक घटना घडली, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

तारीख २६ सप्टेंबर १९८३. सोयूझ यानात दोन जण बसले होते, व्लादिमिर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह. उड्डाणाला दीड-एक मिनिट उरलं असताना रॉकेटच्या तळाशी इंधन सांडून आग लागली. आतल्या दोघांना काही दिसत नव्हतं. आगीत तारा जळाल्या, त्यामुळे सुटकेची यंत्रणा आपोआप चालू होईना. शेवटी नियंत्रण कक्षातून बिनतारी आदेश द्यावा लागला, आणि त्या पद्धतीत दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून काही सेकंदांच्या आत कळ दाबावी लागायची, म्हणजे एकट्याच्या हातून चूक होऊ नये. त्यांनी दाबली. यानाच्या टोकावरचं छोटं रॉकेट पेटलं आणि त्याने माणसांचा डबा उपटून वर नेला. त्यानंतर काही सेकंदांत खालचं मुख्य रॉकेट स्फोटात नष्ट झालं. त्या दोघांच्या शरीरावर वजनाच्या १४ ते १७ पट दाब आला. डबा सुमारे ४ किलोमीटरवर पॅराशूटने उतरला आणि दोघेही जिवंत बाहेर आले.

आता पुढचं ऐका. राकेश शर्मांच्या उड्डाणासाठी अभियंता म्हणून निकोलाय रुकाविश्निकोव्ह ठरले होते. ते आजारी पडले. त्यांच्या जागी आले स्त्रेकालोव्ह, तेच. आगीतून निघालेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा तशाच रॉकेटवर, आपल्या शर्मांच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी फौजेत आयुष्य काढलं. सुरुंगातून वाचलेला जवान पुन्हा त्याच रस्त्याने गस्तीला निघताना काय चेहऱ्याने निघतो ते मी पाहिलंय. म्हणून ३ एप्रिल १९८४ ची ती चित्रफीत बघताना माझी नजर आता शर्मांइतकीच स्त्रेकालोव्ह यांच्यावर जाते.

हे एवढं तपशिलात सांगितलं त्याला कारण आहे. ती कळ, तो बिनतारी आदेश, ते टोकावरचं छोटं रॉकेट आपलं नव्हतं. पाहुण्याचा जीव यजमानाच्या यंत्रणेवर अवलंबून होता, आणि ती यंत्रणा सोव्हिएत लोकांनी वीस-पंचवीस वर्षं घालून, माणसं गमावून उभी केली होती. आपल्याला खुर्ची मिळाली. ती कळ कशी बनवायची हे खुर्चीबरोबर येत नाही.

उड्डाण उत्तम झालं. कमांडर युरी मालिशेव्ह, अभियंता स्त्रेकालोव्ह आणि शर्मा सॅल्यूत-७ या स्थानकावर पोहोचले. तिथे आधीपासून तिघे जण राहत होते: किझिम, सोलोव्योव्ह आणि ओलेग अत्कोव्ह. अत्कोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ. शर्मांनी भारताच्या भूभागाची छायाचित्रं घेतली, वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं याचे प्रयोग केले, स्वतःला पट्ट्यांनी बांधून योगासनंही केली. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने दिलेला शिरा, छोले आणि पुलाव सगळ्यांनी वाटून खाल्ला. इंदिरा गांधींनी वरून भारत कसा दिसतो असं विचारलं आणि शर्मांनी इक्बालांच्या गीतातला शब्द उत्तरादाखल दिला, ते तर घराघरात पाठ आहे.

एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शर्मा गेले सोयूझ टी-११ मधून आणि ११ एप्रिलला परतले सोयूझ टी-१० मधून. असं का? कारण सोयूझ यान अंतराळात ठराविक काळच भरवशाचं राहतं. पाहुणे ताजं यान घेऊन वर जायचे, ते मुक्कामी मंडळींसाठी ठेवायचे आणि जुनं यान घेऊन परत यायचे. प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने ओतलेली खुर्चीची बैठक असते, ती काढून एका यानातून दुसऱ्यात बसवायची. म्हणजे पाहुण्यांची सफर हा मुळात गाडी बदलीचा फेरा असायचा! किझिम आणि मंडळी शर्मांच्या यानातून २ ऑक्टोबरला, जवळपास २३७ दिवसांनी खाली आली. तो त्या वेळचा विक्रम होता.

मी तेव्हा नुकताच कमिशन मिळालेला सेकंड लेफ्टनंट. बातमी रेडिओवर ऐकली, मेसमध्ये त्या रात्री बराच जल्लोष झाला. शर्मा उतरले त्यानंतर दोनच दिवसांनी, १३ एप्रिलला, आपली सेना सियाचिनवर उतरली. मग आमच्या डोक्यातून अंतराळ गेलं आणि उंची तेवढी राहिली.

आता त्या वर्षी देशाच्या पदरात स्वतःचं काय होतं ते पाहू. श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपलं रॉकेट १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं ते अपयशी ठरलं. जुलै १९८० मध्ये यश आलं आणि ३५ किलोंचा रोहिणी कक्षेत गेला. शेवटचं उड्डाण एप्रिल १९८३ चं, म्हणजे शर्मांच्या आदल्या वर्षीचं. त्याने उचललेला उपग्रह होता साडेएकेचाळीस किलोंचा. एका धडधाकट वैमानिकाचं वजन याहून जास्त असतं. हवा, पाणी, खुर्ची आणि परतीची ढाल यांचा विचारच सोडा.

आणि हे मुद्दाम ठरवलेलं धोरण होतं. विक्रम साराभाईंनी साठच्या दशकातच स्वच्छ सांगितलं होतं की चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत बड्या देशांशी स्पर्धा करायची आपली कल्पना नाही, आपल्याला हे तंत्र लोकांच्या कामासाठी हवंय. हवामान, दूरदर्शन, टेलिफोन, पिकं, मासेमारी. काही लोक याला दूरदृष्टीचा अभाव म्हणतात. मला ते मत पटत नाही. रसद नसताना पुढची चौकी जिंकून तिथे झेंडा लावणारा अधिकारी मी पाहिलाय. फोटो छान येतो, पण आठवड्याने चौकी सोडावी लागते.

तरीही ऐंशीच्या दशकात आणखी एक संधी आली होती, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. आपला इन्सॅट-१बी उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर शटलमधून गेला. त्याच्या पुढचा इन्सॅट-१सी सुद्धा शटलमधून जायचा होता, आणि त्याच्याबरोबर इस्रोचा एक माणूस. त्यासाठी दोघे अभियंते निवडले गेले. नागपती चिदंबर भट आणि परमेश्वरन राधाकृष्णन नायर. भट बंगळूरच्या उपग्रह केंद्रातले, म्हणजे मी मघाशी सांगितलं त्या फाटकातले. उड्डाण १९८६ मध्ये व्हायचं होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उडाल्यावर ७३ सेकंदांनी फुटलं आणि सात जण गेले. शटलची उड्डाणं अडीच वर्षांहून जास्त थांबली. इन्सॅट-१सी शेवटी १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटने गेला. त्यात माणूस नव्हता. भट आणि नायर जमिनीवरच राहिले.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे. रवीश मल्होत्रांनी शर्मांइतकंच प्रशिक्षण घेतलं. तीच भाषा, तेच चक्र, तेच बर्फातलं सरावाचं जगणं. उड्डाणाच्या दिवसापर्यंत ते तयार होते. त्यांना कीर्तिचक्र मिळालं, शर्मांना अशोकचक्र. आज कुठल्याही शाळेत मल्होत्रांचं नाव विचारा, वर्गात एक हात वर येत नाही. आम्ही फौजी राखीव तुकडीची किंमत जाणतो. राखीव तुकडी लढाईत उतरली नाही म्हणून तिने काम केलं नाही असं कोणताही कमांडर म्हणणार नाही. पुढची तुकडी निर्धास्त लढते ती मागे कुणीतरी बूट घालून बसलंय म्हणून. मल्होत्रा, भट, नायर. निदान आज ही तीन नावं लिहून ठेवा.

आणि जे गेले त्यांचं परत आल्यावर काय झालं? मला विचाराल तर १९८४ च्या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग हाच. शर्मा परत विमानांकडे गेले. १९८७ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रुजू झाले आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मुख्य चाचणी वैमानिक झाले. तिथे मिग-२१ ची चाचणी घेताना एकदा त्यांना विमानातून उडी घ्यावी लागली, थोडक्यात वाचले. अंतराळात आठ दिवस राहिलेला देशातला एकमेव माणूस ओझरच्या धावपट्टीवर मिग तपासत होता. त्यांनी आनंदाने केलं, तो त्यांचा पेशाच. पण त्यांच्याकडे जे ज्ञान होतं ते उतरवून घ्यायला देशात एक टेबल, एक खुर्ची, एक कार्यालय नव्हतं, कारण मानवी उड्डाणाचा कार्यक्रमच नव्हता. त्यांचा सल्ला घेण्याची वेळ आली ती गगनयानच्या तयारीत, तीसहून अधिक वर्षांनी.

मधला काळ भराभर सांगतो. एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ मध्ये पडलं. पीएसएलव्ही १९९३ ला पडलं, १९९४ ला यशस्वी झालं आणि मग भरवशाचं झालं. अतिशीत इंधनाचं क्रायोजेनिक इंजिन रशियाकडून मिळायचं होतं, अमेरिकेच्या दबावाने त्याचं तंत्र मिळालं नाही, ते स्वतः बनवायला आणि यशस्वी व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. जड वजन उचलायचं तर या इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यामुळे या तारखेच्या आधी स्वतःच्या बळावर माणूस पाठवण्याची गोष्ट बोलण्यापुरतीच होती.

बोलणं मात्र सुरू झालं होतं. नोव्हेंबर २००६ मध्ये बंगळूरमध्येच शास्त्रज्ञांची बैठक झाली आणि मानवी उड्डाणाच्या बाजूने कौल मिळाला. आणि कामाला सुरुवात कुठून केली? वर जाण्यापासून नाही, खाली येण्यापासून. मला हे फार आवडलं. जानेवारी २००७ मध्ये साडेपाचशे किलोंची एक कुपी पीएसएलव्हीने वर पाठवली, १२ दिवस फिरवली आणि २२ तारखेला बंगालच्या उपसागरात उतरवून उचलून आणली. तोपर्यंत आपण वर पाठवलेली एकही वस्तू धडपणे परत आणलेली नव्हती. कक्षेतली वस्तू ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने धावत असते. तो वेग हवेत घासून घालवायचा, त्यात जळायचं नाही, आणि शेवटी अलगद टेकायचं. उपग्रहाला यातलं काहीच करावं लागत नाही, तो वरच मरतो. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या सगळ्यात मोठ्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात माणसांच्या डब्याचा साडेतीन टनांहून जड नमुना पाठवला. तो अंदमानजवळ उतरला आणि तटरक्षक दलाच्या जहाजाने उचलून आणला. त्या डब्याचा सांगाडा ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवला होता.

पॅराशूटबद्दल मात्र मला थोडं अधिकाराने बोलता येईल. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये मी पाच उड्या मारल्यात. विमानाच्या दारात उभं राहिलं की माणूस कापडाच्या घडीवर विश्वास ठेवायला शिकतो. छातीवर राखीव पॅराशूट असतं, त्यावर हात ठेवूनच आम्ही देवाचं नाव घ्यायचो. गगनयानच्या डब्यालाही पॅराशूट आग्र्याच्याच संरक्षण संशोधन संस्थेने केलीत. एकूण दहा. आधी दोन छोटी उघडतात आणि वरचं झाकण खेचून काढतात. मग दोन डब्याचा वेग मारतात आणि त्याला डोलू देत नाहीत. मग तीन छोटी येतात, त्यांचं काम फक्त मोठ्या तीन पॅराशूटना बाहेर ओढायचं. मोठं एक सुमारे २५ मीटर रुंद. आणि मोठ्या तिघांपैकी दोनच उघडली तरी डबा सुखरूप उतरला पाहिजे, असा हिशेब आहे. तिसरं हे छातीवरचं राखीव.

हा हिशेब कागदावर ठेवला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळच्या बबिना रेंजवर आयएल-७६ विमानातून पाच टनांचा ठोकळा अडीच किलोमीटर उंचीवरून टाकला, आणि एक मोठं पॅराशूट उघडलंच नाही अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण केली. बबिना आम्हा फौजींना रणगाड्यांच्या धुळीसाठी ठाऊक. तिथे अंतराळातून परतणाऱ्या माणसाचं पॅराशूट तपासलं जाईल असं माझ्या नोकरीच्या काळात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी पाजून सावलीत बसवलं असतं.

आणि ती कळ? स्त्रेकालोव्ह यांना वाचवणारी? तीही आता बनवली. जुलै २०१८ मध्ये श्रीहरिकोट्याला जमिनीवरून डबा उपटून नेण्याची चाचणी झाली. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याहून अवघड. रॉकेट हवेत, वेग ध्वनीहून जास्त, उंची सुमारे १२ किलोमीटर, आणि तिथून डबा सोडवायचा. त्या सकाळी उलटी गणती शून्याच्या पाच सेकंद आधी संगणकाने स्वतःच थांबवली. दोष शोधला, दूर केला आणि दहा वाजता उडवलं. डबा समुद्रात उतरला तो उलटा पडला होता, नौदलाने तसाच उचलून आणला. दूरचित्रवाणीवर या उलट्या डब्याची फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती. आत माणसं असती तर ती डोकं खाली करून लटकली असती. मोकळ्या डब्याने हे दाखवून दिलं, चाचण्या घेतात त्या यासाठीच.

घन इंधनाचे जे दोन मोठे बूस्टर या रॉकेटला असतात, ते एकदा पेटले की विझवता येत नाहीत. म्हणूनच सुटकेची यंत्रणा नसेल तर त्यावर माणूस बसवायचाच नाही. या बूस्टरच्या कवचांचं काम पवईच्या कारखान्यात झालंय, द्रव इंधनाची विकास इंजिनं विक्रोळीत बनतात. मुंबईकरांनी ऊर भरून घ्यायला हरकत नाही.

पंतप्रधानांनी गगनयान जाहीर केलं १५ ऑगस्ट २०१८ ला. मुदत २०२२ ची दिली होती, ती केव्हाच मागे पडली. मला स्वतःला या उशिराचा राग येत नाही. मुदत जाहीर करण्याच्या घाईचा मात्र येतो. चार जण निवडले गेले. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही वायुसेनेचे चाचणी वैमानिक, चौघेही खडकवासल्याचे. त्यांची तपासणी विमानपुरालाच झाली, मग रशियात वर्षभराहून जास्त प्रशिक्षण, तेही कोरोनाच्या दिवसांत, आणि पुढचं बंगळूरमध्ये. फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्यांची नावं गुप्त होती. कोण जाणे, डोमलूरच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत त्यातलं कुणी बसलेलंही असेल.

त्यातले शुक्ला २५ जून २०२५ ला अमेरिकेतून अॅक्सिऑम-४ मोहिमेवर गेले. १८ दिवस आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहिले, मूग-मेथीला मोड आणले, सोबत नेलेला आमरस आणि गाजराचा हलवा सहकाऱ्यांना दिला, आणि १५ जुलैला प्रशांत महासागरात उतरले. ही सुद्धा पाहुण्याचीच खुर्ची. रॉकेट परक्याचं, डबा परक्याचा, आणि देशाने त्यासाठी सुमारे साडेपाचशे कोटी मोजले. मग फरक काय?

त्या यानात बरोबर कोण होतं ते पाहा. कमांडर पेगी व्हिटसन अमेरिकन. बाकी दोघे पोलंड आणि हंगेरीचे. पोलंडचे पहिले अंतराळवीर हेर्माशेव्स्की १९७८ मध्ये गेले होते, हंगेरीचे फार्काश १९८० मध्ये. दोघेही इंटरकॉसमॉसचे पाहुणे, आपल्या शर्मांसारखेच. आणि दोन्ही देशांना दुसरा माणूस पाठवायला २०२५ उजाडलं. पोलंडला ४७ वर्षं लागली, हंगेरीला ४५, आपल्याला ४१. तेव्हा खुर्ची मिळालेल्या या तिन्ही देशांच्या हाती खुर्चीतून पुढे काही आलं नाही. ज्या तक्रारीने आपण सुरुवात केली ती एकट्या भारताची नाही.

फरक परतीत आहे. शर्मा परतले तेव्हा ओझरची धावपट्टी होती. शुक्ला परतले ते बंगळूरच्या मानवी उड्डाण केंद्राकडे. ते केंद्र २०१९ मध्ये सुरू झालंय, आणि तिथे डब्याची आतली मांडणी, पोशाख, जेवण, परतल्यावर पाय लटपटतात तेव्हा काय करायचं, असे शेकडो प्रश्न घेऊन बसलेली माणसं त्यांची वाट बघत होती. साडेपाचशे कोटी वसूल होतील की नाही हे त्या टेबलावर ठरेल.

आणि हो, शुक्लांचे राखीव होते ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर. त्यांनीही सगळं प्रशिक्षण घेतलं, उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे ढकललं जात असताना तयार राहिले, आणि उड्डाणाच्या दिवशी जमिनीवर उभे होते. मघाची यादी लिहून घेतली असेल तर त्यात चौथं नाव घाला.

पुढच्या भागात पीण्याच्या पत्र्याच्या शेडांकडे जाऊ, जिथे आर्यभट्ट बांधला गेला. तोवर नमस्कार.